विजेचा टेम्पो आणि उष्णतेचा हिशेब

जोगेश्वरी पश्चिमेला, स्वामी विवेकानंद मार्गालगत ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे. कपाटे, पलंग, दरवाजे, खुर्च्या यांची तेथे सतत ने-आण चाललेली असते आणि त्यासाठी टेम्पो रांगेने उभे असतात. या रांगेत अलीकडे एखादा टेम्पो असा दिसतो, की तो सुरू झाल्याचे कळतच नाही. घरघर नाही, धूर नाही, डिझेलचा वास नाही. त्याच्या क्रमांकाची पाटी हिरवी असते आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. भाड्याने माल वाहणाऱ्या विजेच्या गाडीची ही खूण होय.

विजेवर चालणारी वाहने मुंबईला नवीन नाहीत. १९०७ साली येथे विजेची ट्राम सुरू झाली आणि ती १९६४ पर्यंत धावली. विजेची लोकल गाडी १९२५ पासून धावते आहे. परंतु ट्राम काय किंवा लोकल काय, डोक्यावरच्या तारेतून लागेल तशी वीज घेते. टेम्पोला गल्लीबोळांतून, बाजारातून, महामार्गावरून कोठेही जावे लागते. तेथे तार कोठून आणणार? त्याला आपली वीज शिदोरीसारखी बरोबर बांधून न्यावी लागते. ही शिदोरी म्हणजे बॅटरी.

आता समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी आपला जुना डिझेलचा टेम्पो विकला आणि बँकेचे कर्ज काढून विजेचा टेम्पो घेतला. घराचा सारा खर्च या एका गाडीवर चालतो. गाडीच्या किमतीत मोठा वाटा एकट्या बॅटरीचा असतो. हप्ते फिटण्याच्या आत बॅटरीने मान टाकली, तर गाडी बंद आणि हप्ता मात्र चालू, अशी पाळी यायची. जुन्या टेम्पोचे दुखणे बाबांना नुसत्या आवाजावरून ओळखू येई. ही गाडी तर बोलतच नाही. मग तिला जपायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते. गाडीतली जी ऊर्जा चाक फिरविण्याच्या कामी येत नाही, ती बहुतेक सारी उष्णता बनून निघून जाते. म्हणजे गाडीत नको तेथे उष्णता कोठे निर्माण होते हे शोधून काढले, की पैसा कोठे गळतो आणि धोका कोठे दडला आहे, हे दोन्ही एकदम कळते. विजेचा टेम्पो जपणे म्हणजे उष्णतेचा हिशेब ठेवणे. तो हिशेब आपण आता मांडू या.

दोन लिटरची टाकी

उदाहरणासाठी एक खरी गाडी घेऊ. टाटा मोटर्सने २००५ साली ‘एस’ नावाचा लहान मालवाहू टेम्पो आणला. लोकांनी त्याला ‘छोटा हत्ती’ म्हटले. याच गाडीचे विजेवर चालणारे रूप कंपनीने मे २०२२ मध्ये जाहीर केले. त्यातील बॅटरीची क्षमता २१.३ किलोवॅट-तास इतकी होती. एक किलोवॅट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचे एक युनिट. तेव्हा या टेम्पोच्या पोटात साधारण २१ युनिटे वीज मावते.

ही किती झाली? एक लिटर डिझेल जाळले, तर त्यातून सुमारे १० युनिटांइतकी ऊर्जा मिळते. म्हणजे विजेच्या टेम्पोची ‘टाकी’ जेमतेम दोन लिटर डिझेलची! हे ऐकून कोणीही चरकेल. दोन लिटरांत दिवसभराचा धंदा कसा व्हायचा?

येथेच उष्णतेचा पहिला हिशेब येतो. लहान डिझेल टेम्पो शहरात थांबत-थांबत चालतो, तेव्हा डिझेलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेले तीन हिस्से रेडिएटर तापविण्यात आणि गरम धुरावाटे निघून जातात. म्हणजे एका लिटरमागे कामाची ऊर्जा मिळाली अडीच युनिटे. विजेच्या टेम्पोत बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेचा पाचांपैकी चार हिस्से तरी भाग चाकांना मिळतो. २१ युनिटांपैकी सुमारे १७ युनिटे कामाला आली. तेवढे काम डिझेलकडून करून घ्यायचे, तर सुमारे सात लिटर डिझेल लागले असते.

तरीही टाकी लहानच आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच डिझेलच्या गाडीत जी उधळपट्टी खपून जात होती, ती येथे खपत नाही.

कंपनीने या टेम्पोसाठी चाचणीतला पल्ला १५४ किलोमीटर सांगितला होता. असा पल्ला ठराविक वेगाच्या ठराविक वेळापत्रकानुसार मोजलेला असतो. अशा चाचण्या करणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. चाचणीचा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी चांगला. परंतु जोगेश्वरीच्या रस्त्यावर भर दुपारी भरलेला टेम्पो हाकताना तो जसाच्या तसा मिळेल, असे धरू नये. आपण सावधपणे एका युनिटाला ५ किलोमीटर धरू. वीस युनिटांत १०० किलोमीटर झाले.

जोगेश्वरीहून भिवंडीच्या गोदामांपर्यंत जाऊन-येऊन सुमारे ७५ ते ८० किलोमीटर होतात. म्हणजे भिवंडीची एक खेप करून घरी येताना बॅटरीत पाचवा हिस्सा शिल्लक असेल. एवढी शिल्लक ठेवणे हा शहाणपणाचा नियम. दुसरी लांबची खेप घ्यायची असेल, तर दुपारी जेवणाच्या वेळी गाडी कोठे लावता येईल, हे सकाळीच ठरवून निघावे.

बॅटरीच्या आत काय चालते?

बॅटरी जपायची, तर तिच्या आत डोकावले पाहिजे. या टेम्पोत लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. तिच्या प्रत्येक घटात दोन अग्रे असतात. एक पेन्सिलीत असते त्या ग्रॅफाइटचे, आणि दुसरे लिथियम, लोह व फॉस्फेट यांच्या संयुगाचे. दोहोंमध्ये एक द्रव असतो. बॅटरी भरलेली असते, तेव्हा लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसलेले असतात. गाडी चालू लागली, की हे आयन द्रवातून पलीकडच्या अग्राकडे जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून मोटरमधून फिरून जातात. चार्जिंग करताना सारा प्रवास उलट होतो.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. लोह-फॉस्फेटाचा उपयोग करण्याची कल्पना १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आली. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय होते. गुडइनफ यांना २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, लिथियम-आयन बॅटरीवरील कामाबद्दल इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. लोह-फॉस्फेटाची बॅटरी तेवढ्याच क्षमतेच्या इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा काहीशी जड असते, परंतु ती उष्णतेला अधिक दाद देत नाही आणि अधिक वर्षे टिकते. माल वाहणाऱ्या गाडीला असाच दमदार साथीदार हवा.

मग बॅटरी म्हातारी कशाने होते? आयनांची ये-जा चालू असताना ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ साय जमते. ही साय तयार होताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. तेवढी बॅटरीची क्षमता कमी झाली. ही रासायनिक क्रिया आहे, आणि तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. दर १० अंश सेल्सिअसला वेग सुमारे दुप्पट, असा एक ढोबळ नियम रसायनशास्त्रात सांगतात. म्हणजे ३० अंशांवर राहणाऱ्या बॅटरीपेक्षा ४० अंशांवर राहणारी बॅटरी कितीतरी लवकर थकणार.

यावरून काही नियम सहज निघतात. दुपारी माल उतरेपर्यंत गाडी सावलीत उभी करावी. लांबची खेप करून आल्याबरोबर तापलेल्या बॅटरीला चार्जिंगला लावू नये. अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. झटपट चार्जिंगची सोय अडीअडचणीला वापरावी. तीत मोठा प्रवाह लोटावा लागतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता चौपट होते, हा जूलचा नियम तुम्ही शिकलाच आहात. रोजसाठी रात्रीचे सावकाश चार्जिंगच उत्तम.

बॅटरी किती भरावी, याविषयी बाजारात नाना मते ऐकू येतात. पूर्ण रिकामी करू नये, हे तर सर्वांनाच मान्य आहे. पूर्ण भरून तशीच उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवणेही वाईट. गाडी आठ-पंधरा दिवस गावी जाण्यासाठी बंद ठेवायची असेल, तर निम्म्याच्या आसपास भरून सावलीत ठेवावी. परंतु लोह-फॉस्फेटाच्या बॅटरीची एक गंमत आहे. ती बरीच भरलेली असो वा बरीच रिकामी, तिचा व्होल्टेज जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे नुसता व्होल्टेज मोजून आत किती वीज उरली, हे सांगता येत नाही. बॅटरीतला छोटा संगणक मग किती वीज आत आली आणि किती बाहेर गेली, याची बेरीज-वजाबाकी करीत राहतो. बसचा कंडक्टर दिवसभर तिकिटे देतो आणि रात्री मजास आगारात जाऊन हिशेब जुळवतो, तसाच हा प्रकार. हिशेब जुळवायला एक ठाम खूण लागते, आणि ती खूण म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी. म्हणून अशी बॅटरी अधूनमधून शंभर टक्के भरू द्यावी लागते. त्या वेळी आतले लहान-मोठे घटही एका पातळीवर आणले जातात. किती दिवसांनी भरावी, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. मित्रांच्या सल्ल्यापेक्षा ती पुस्तिका प्रमाण मानावी.

रात्रीचे चार्जिंग

आता घरच्या चार्जिंगकडे वळू. १५ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटमधून सुमारे ३ किलोवॅट शक्ती घेता येते. २१ युनिटांची रिकामी बॅटरी भरायला सात तास लागणार, आणि चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जात असल्यामुळे त्याहून थोडे अधिकच. रात्री दहाला लावली, तर सकाळी सहाला तयार.

आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ३००० भागिले २३० केले, की सुमारे १३ अँपिअर येतात. पंखा किंवा दिवा यांच्या मानाने हा प्रवाह फार मोठा आहे, आणि तो सलग सात-आठ तास वाहतो. इस्त्री थोडा वेळ चालते आणि बंद होते. टेम्पो रात्रभर वीज पीत असतो. हा फरक ध्यानात घ्या.

समजा, सॉकेट जुने आहे आणि पिन त्यात सैल बसते. स्पर्शाच्या जागी फक्त ०.२ ओहम इतका रोध आला. तेथे निर्माण होणारी उष्णता काढा: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. १३ × १३ × ०.२ = ३३.८ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले डाख द्यायचे लहान यंत्र साधारण एवढ्याच शक्तीचे असते, आणि ते शिसे वितळवते. म्हणजे सैल पिनेच्या सॉकेटमध्ये रात्रभर एक डाखयंत्र जळत ठेवल्यासारखे झाले! सॉकेट प्रथम पिवळे पडते, मग काळे होते, मग वितळते. शेजारी लाकूड, कापड, फोम असला, तर पुढचे सांगायला नको. चाळीत किंवा वस्तीत लागलेली आग एका घरापुरती राहत नाही.

म्हणून पुढील गोष्टींत काटकसर करू नये:

१. टेम्पोसाठी मीटरपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तार परवानाधारक वायरमनकडून ओढून घ्यावी. घराचा मंजूर भार कमी असेल, तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा.

२. खिडकीतून सोडलेली तार आणि तिला जोडलेला एक्स्टेंशन बोर्ड, हा प्रकार कधीही करू नये. गल्लीत येणारे-जाणारे त्या तारेवरून चालतात आणि पावसात बोर्ड भिजतो. गुंडाळून ठेवलेली तार तर आतल्या आत तापत राहते.

३. तिसऱ्या पिनेची, म्हणजे भूसंपर्काची तार खरोखर जमिनीला जोडलेली आहे का, हे तपासून घ्यावे. गाडीच्या धातूच्या सांगाड्यात चुकून वीज उतरली, तर तीच आपल्याला वाचवते.

४. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअर झाला की वीज तोडणारी सुरक्षा-कळ बसवून घ्यावी. घरातला साधा फ्यूज माणसाला वाचवीत नाही. तो फक्त तारेला वाचवतो.

५. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने पिनेजवळच्या प्लास्टिकला कोरड्या हाताची पाठ लावून पाहावी. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, तर चार्जिंग लगेच बंद करून सॉकेट बदलून घ्यावे.

रस्त्यावरचा हिशेब

जोगेश्वरीहून पूर्वेकडे निघालो, की जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता लागतो. सुमारे साडेदहा किलोमीटरचा हा रस्ता आरे आणि पवईच्या टेकड्यांमधून चढ-उतार घेत जातो. त्यावर वाहतुकीची गर्दी असते, आणि गाडी शंभर वेळा थांबते. उष्णतेचा हिशेब करायला याहून चांगला रस्ता मिळणार नाही.

मालासह टेम्पोचे वस्तुमान १८०० किलोग्रॅम धरा आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गतिज ऊर्जा झाली अर्धा × १८०० × १० × १० = ९०,००० ज्यूल. साधा ब्रेक दाबून गाडी थांबवली, की ही सर्व ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापविण्यात जाते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. ३६ लाखांना ९० हजारांनी भागा. उत्तर येते ४०. म्हणजे चाळीस वेळा गाडी थांबवली, की एक संपूर्ण युनिट नुसते ब्रेक तापविण्यात संपले!

विजेच्या गाडीत यावर एक सुंदर उपाय असतो. सायकलचा डायनामो तुम्हाला ठाऊक आहे. चाक फिरले की तो वीज देतो आणि सायकल थोडी जड चालते. टेम्पोची मोटरही उलट वापरली, की जनित्र बनते. पाय वेगाच्या पट्टीवरून काढला, की चाके मोटरला फिरवितात, मोटर वीज निर्माण करून बॅटरीत भरते आणि गाडीचा वेग कमी होतो. मुंबईच्या लोकल गाड्याही अशाच प्रकारे थांबताना वीज तारेत परत पाठवितात. सगळी ऊर्जा परत मिळत नाही. वाटेत काही उष्णतेत जातेच. समजा निम्मी परत आली, तरी चाळीस थांब्यांमागे अर्धे युनिट, म्हणजे अडीच किलोमीटरची चाल वाचली.

उताराचेही तसेच. १८०० किलोग्रॅमचा टेम्पो २० मीटर उंच चढला, की १८०० × १० × २० = ३,६०,००० ज्यूल, म्हणजे एकदशांश युनिट खर्च होते. उतरताना त्यातला काही भाग परत मिळविता येतो. मात्र त्यासाठी पुढचा सिग्नल लांबूनच पाहून पाय हळूहळू उचलण्याची सवय हवी. शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबणाऱ्याला ही कमाई मिळत नाही. आणखी एक गोष्ट: बॅटरी काठोकाठ भरलेली असताना तीत आणखी वीज मावत नाही. त्यामुळे सकाळी पहिल्या काही किलोमीटरांत पाय उचलल्यावर गाडी नेहमीइतकी रोखली जात नाही. त्या वेळी साध्या ब्रेकवर भिस्त ठेवून अंतर राखावे.

वेगाचाही हिशेब मांडू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने गेलो, तर वेग दीडपट आणि हवेचा विरोध सव्वादोनपट. मोकळ्या महामार्गावर दहा मिनिटे वाचविण्यासाठी शेवटचे काही किलोमीटर जीव मुठीत धरून जावे लागले, तर काय मिळविले?

टायरांकडे तर सर्वांचेच दुर्लक्ष होते. टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात तो तापतो. चांगल्या हवेच्या टायरांवर या टेम्पोला पुढे सरकण्यासाठी सुमारे १८० न्यूटन बल लागते असे धरा. ८० किलोमीटरांत १८० × ८०,००० = १ कोटी ४४ लाख ज्यूल, म्हणजे बरोबर ४ युनिटे झाली. हवा कमी असल्यामुळे हा विरोध पाचव्या हिश्शाने वाढला, तर ०.८ युनिट जास्त गेले. म्हणजे चार किलोमीटरची चाल केवळ हवा न भरल्यामुळे गमावली. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे मोजून भरावी.

पावसाळा आणि पाणी

उष्णतेनंतरचा दुसरा शत्रू पाणी. मुंबईत हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आरेच्या टेकड्यांत उगम पावणारी ओशिवरा नदी जोगेश्वरीच्या वस्तीतून खाडीकडे जाते, आणि भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला की सखल भागांत पाणी तुंबते.

चांगल्या बॅटरीच्या पेटीवर ‘आयपी ६७’ असा दर्जा लिहिलेला असतो. त्यातला ६ हा आकडा धूळ आत शिरत नाही असे सांगतो. ७ हा आकडा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवली तरी पाणी शिरत नाही असे सांगतो. परंतु ही परीक्षा नव्या पेटीची आणि गोड्या पाण्याची असते. खड्ड्यांतून चार वर्षे आदळलेल्या पेटीचे रबर, आणि गटाराचे वा खाडीचे खारे पाणी, ही वेगळी गोष्ट. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते, आणि ते जोडांवर गंज चढवते. म्हणून आयपी ६७ हे संकटातले कवच आहे, पाण्यात गाडी घालण्याचा परवाना नव्हे.

चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसले, तर गाडी पुढे घालू नये. उभ्या गाडीची बॅटरी पाण्यात बुडाली असेल, तर ती सुरू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. घरापासून दूर, मोकळ्या जागी ढकलून न्यावी आणि कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे. वरून वाळलेली दिसणारी बॅटरी आतून ओली असू शकते, आणि धोका काही दिवसांनीही उद्भवू शकतो. बॅटरीतून धूर किंवा विचित्र वास येऊ लागला, तर सर्वांनी दूर व्हावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. गाडी धुतानाही जोरदार फवारा चार्जिंगच्या तोंडावर व खालच्या जोडांवर मारू नये.

महिन्याची तपासणी

इंजिन तेल नाही, क्लच नाही, धुराची तपासणी नाही. मग करायचे काय उरले? बरेच काही.

विजेच्या टेम्पोत मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. दिवे, भोंगा आणि मोठ्या बॅटरीची कळ उघडण्याचे काम ती करते. ती उतरली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. धान्याने भरलेली कोठी आहे, पण किल्ली हरवली, असा प्रकार. तिचे जोड स्वच्छ व घट्ट ठेवावेत.

बॅटरी किंवा मोटर थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी पाहावी. कमी झाली तर नळाचे पाणी ओतू नये. सांगितलेला द्रवच घालावा. नळाच्या पाण्यातील क्षारांनी नळ्या चोंदतात. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, बाजारातला लाकडाचा भुसा काढून टाकावा.

ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून त्यांचे अस्तर अधिक काळ टिकते. परंतु समुद्राकाठच्या दमट हवेत न वापरलेल्या लोखंडावर गंज चढतो. रोज एक-दोनदा मोकळ्या रस्त्यावर साधा ब्रेक बेताने दाबावा, म्हणजे तबकड्या घासून स्वच्छ होतात. ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषते. ते पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलावे.

गाडीखालच्या नारिंगी रंगाच्या तारांना मात्र कोणीही हात लावू नये. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या तारांचा हा रंग ठरलेला आहे. तेथे घरगुती दुरुस्ती चालत नाही. विमा आणि योग्यता प्रमाणपत्र या गाडीलाही लागते, आणि मंजुरीपेक्षा जास्त माल भरणे हा येथेही गुन्हाच आहे.

पुढे कित्येक वर्षांनी बॅटरीची क्षमता उतरली, तरी ती लगेच भंगारात देऊ नये. गाडीला अपुरी पडणारी बॅटरी एका जागी ठेवून वीज साठविण्याच्या कामी येऊ शकते. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटरीची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती उघड्यावर फोडणे घातक असते.

एक वही

आपल्या गोष्टीतल्या बाबांना मुलीने एक वही करून दिली आहे, असे समजा. त्यात रोज चारच रकाने भरायचे: धावलेले किलोमीटर, मीटरवर खर्च झालेली युनिटे, टायरांतील हवा आणि एक शेरा — ‘पाऊस’, ‘जड माल’, ‘पिन गरम’ असा. किलोमीटरांना युनिटांनी भागले, की रोजची चाल कळते. महिनाभर ती ५ च्या आसपास असताना एकाएकी ४ झाली, तर काहीतरी बिघडले आहे. हवा कमी असेल, ब्रेक घासत असेल, किंवा सॉकेटमध्ये वीज जळत असेल. जुना टेम्पो आवाजाने तक्रार करीत असे. नवा टेम्पो या वहीतल्या आकड्यांनी तक्रार करतो. ती वाचता आली, की गाडी मुकी राहत नाही.

करून पाहा

१. शाळेच्या सपाट मैदानावर सायकलच्या चाकांत पूर्ण हवा भरा. एका रेषेपर्यंत ठराविक वेगाने या, पायडल मारणे थांबवा आणि सायकल किती अंतरावर थांबते ते मोजा. थोडी हवा कमी करून पुन्हा मोजा. प्रत्येक प्रयोग तीनदा करून सरासरी काढा. फरक कोणत्या ऊर्जेत गेला असेल?

२. घरचे विजेचे बिल घ्या. एका युनिटाला किती पैसे पडले ते काढा. ५ किलोमीटरला एक युनिट धरून ८० किलोमीटरच्या खेपेचा खर्च काढा. तेवढ्याच अंतराला डिझेलचा टेम्पो किती लिटर घेतो, हे ओळखीच्या टेम्पोवाल्या काकांना विचारून तुलना करा.

३. सॉकेटमधला रोध ०.२ ऐवजी ०.०१ ओहम असेल, तर १३ अँपिअरला किती वॅट उष्णता निर्माण होईल? उत्तर आले, की घट्ट बसणाऱ्या पिनेची किंमत तुम्हाला कळेल.